नारळ फोडण्याआधीची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या उदगीर तालुक्यातील एका मंगल कार्यालयात तरुणांसाठी ‘उद्योग आणि सकारात्मक दृष्टिकोन’ या विषयावर व्याख्यान झाले. दीड-दोनशे मुले-मुली जमली होती आणि मीही मागच्या रांगेत जाऊन बसलो होतो. व्याख्याते बोलण्यात वाकबगार होते. त्यांनी सर्वांना डोळे मिटायला लावले, उजवी मूठ छातीवर ठेवायला लावली आणि ‘मी करू शकतो’ हे वाक्य तीनदा म्हणवून घेतले. शेवटी प्रश्न विचारायला सांगितल्यावर चौथ्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, ‘‘सर, डाळ मिल टाकायची तर टर्म लोन घ्यावं का सीसी घ्यावी? दोन्हीत फरक काय असतोय?’’ व्याख्याते हसून म्हणाले, ‘‘असल्या तांत्रिक गोष्टींत आत्ताच अडकू नकोस. आधी स्वप्न मोठं ठेव, पैसा तुझ्या मागं येईल.’’ टाळ्या पडल्या आणि मुलगा ओशाळून खाली बसला. हे पत्र त्या मुलाला दिलेले उत्तर समजले तरी चालेल, कारण त्या दोन तासांत कामाचा असा एकच प्रश्न विचारला गेला आणि तो त्याने विचारला होता.

माझी ओळख एवढीच की, मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षे नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षे लातूर, धाराशिव व नांदेड जिल्ह्यांतील ग्रामीण शाखांमध्ये कर्जाच्या टेबलावर काढली. समोरच्या खुर्चीत बसून गेलेल्या माणसांपैकी कोणाचा धंदा चालला आणि कोणाच्या शटरला गंज चढला, हे मला वसुलीच्या निमित्ताने वर्षानुवर्षे पाहावे लागले. उमेदीची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. उमेद नसलेला माणूस कर्ज मागायला येतच नाही. माझी तक्रार क्रमाविषयी आहे. आमच्याकडे आधी उमेद भरली जाते, तयारीचे पुढे बघू म्हणून सोडून दिले जाते, आणि पहिला फटका बसला की ती उमेद पंधरा दिवसही टिकत नाही, कारण तिच्या बुडाशी काहीच नसते. ज्याने आधी बसून वाईट दिवसांचा हिशेब मांडलेला असतो, त्याला ते दिवस आल्यावर नवल वाटत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्यांना वाटते की हा माणूस स्वभावानेच मोठा सकारात्मक आहे.

आता त्या मुलाचा प्रश्न. शेड आणि यंत्रे अशा वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूंसाठी जे कर्ज मिळते आणि जे ठरलेल्या हप्त्यांनी फेडायचे असते, ते टर्म लोन. रोजचा माल घेणे, मजुरी देणे आणि उधारी येईपर्यंत तग धरणे यासाठी जी मर्यादा मंजूर होते, जिच्यातून पैसे काढत-भरत राहायचे असते आणि जिच्यासाठी दर महिन्याला साठ्याचे व लोकांकडून येणे असलेल्या पैशांचे विवरण बँकेला द्यावे लागते, ती सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट. हा फरक कागदोपत्री वाटतो, परंतु आमच्या भागातल्या बंद पडलेल्या निम्म्याअधिक मिल मला या फरकातच अडकलेल्या दिसल्या. एक साधे गणित मांडून पाहू. रोज २० क्विंटल तूर भरडणारी छोटी मिल आहे आणि तूर ७,००० रुपये क्विंटल आहे असे धरले, तर एका दिवसाची तूरच १ लाख ४० हजारांची झाली. आडतीवर तूर घेतल्यापासून तिला तेल-पाणी लावून, वाळवून, भरडून, पोती शिवून, व्यापाऱ्याकडे डाळ पाठवून त्याचे पैसे हातात पडेपर्यंत कामाचे २५ दिवस गेले, तर ३५ लाख रुपये नुसते फिरत राहतात. हमाली, बारदाना आणि विजेचे बिल तर मी धरलेलेच नाही. यंत्र मात्र १२-१५ लाखांत येते. मुले यंत्राची किंमत पाठ करून येतात आणि फिरत्या पैशाचा विचारही केलेला नसतो. मग उद्‌घाटनाला हळदकुंकू लावलेले यंत्र दुसऱ्या महिन्यापासून तुरीवाचून उभे राहते, हप्ता मात्र उभा राहत नाही.

याचे एक कारण म्हणजे ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ हा प्रकार. तहसीलच्या आसपासच्या कुठल्याही ऑनलाईन सेंटरमध्ये तो तयार मिळतो. नाव आणि गाव बदलले की झाले. नांदेड जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना माझ्याकडे खाद्यतेलाच्या घाण्याचा एक प्रस्ताव आला. अर्जदार तिशीचा, चुणचुणीत, डोळ्यांत चमक असलेला. अहवालात कच्च्या मालाच्या रकान्यात लिहिले होते : ‘परिसरातील बागायतदारांकडून मुबलक प्रमाणात उपलब्ध असलेला नारळ’. कोकणातल्या कुणाच्या अहवालाची ती नक्कल होती आणि करडई लिहायची राहून गेली होती. आमच्या तालुक्यात नारळ येतो तो फोडण्यापुरता, हे मी त्याला सांगितले तेव्हा तोही हसला. पण त्याने स्वतःच्या नावाचा तो अहवाल एकदाही वाचलेला नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसले. मी प्रस्ताव परत केला. तो दुसऱ्या बँकेत गेला की त्याने बेत सोडला हे मला कळले नाही, आणि त्याची चुटपुट मला आजही आहे, कारण त्याला परत पाठवताना अहवाल कसा लिहायचा हे सांगायला अर्धा तास पुरला असता आणि मी तो दिला नाही.

सरकारी योजनांच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांसारख्या विशेष प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान आहे. हे आकडे गावागावांत तोंडपाठ आहेत. परंतु ते अनुदान हातात मिळत नाही, ते तीन वर्षे बँकेत उद्योजकाच्या नावे मुदत ठेव म्हणून अडकून राहते, त्या ठेवीवर व्याज मिळत नाही व तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही, आणि तीन वर्षांनी पाहणी होऊन उद्योग चालू आढळला तरच ते कर्जात वळते होते, हे माझ्यासमोर बसलेल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असे. ‘‘साहेब, सबसिडी आली की त्यातूनच माल भरू,’’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण प्रवर्गाला १० टक्के आणि विशेष प्रवर्गाला ५ टक्के भरायचा असतो, तोही पुष्कळदा सावकाराकडून महिना तीन रुपये शेकड्याने आणलेला असतो, आणि मग धंद्याच्या पहिल्या दिवशीच माणूस दोन ठिकाणी देणेकरी होऊन बसतो.

हे सारे मी शहाणपणाच्या उंच ओट्यावर बसून लिहीत नाही. ज्या चुकीबद्दल मी इतरांना बोल लावतो आहे, ती मी स्वतः घरातच करून बसलो आहे. माझ्या धाकट्या मेहुण्याची उदगीर रस्त्याला डाळ मिल आहे. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत चढली होती, हे वाचकांना आठवत असेल. पुढचा उन्हाळा तर लातूरकर विसरणारच नाहीत. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. सभोवार पाहिले तर जमीन भेगाळलेली, विहिरी कोरड्या. अशा वर्षी तूर पिकणार कुठून, असा विचार करून मेहुण्याने ९,००० च्या आसपासच्या भावाने २०० क्विंटल तूर घेऊन ठेवली. त्याने विचारायला मलाच फोन केला होता आणि मी, आयुष्यभर लोकांचे कागद तपासलेला माणूस, त्याला म्हणालो, ‘‘घे बिनधास्त. डाळ आता शंभराच्या खाली येत नसते. जरा सकारात्मक विचार कर.’’

पुढे झाले ते सर्वांना माहीत आहे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. चढा भाव पाहून शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढवला होता आणि देशात आदल्या वर्षी सुमारे २५ लाख टन असलेले तुरीचे उत्पादन २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांच्या घरात गेले. त्यात आयात चालूच होती. नवी तूर बाजारात आली तेव्हा बोनससह ५,०५० रुपयांच्या हमीभावालाही ती विकेना. खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आणि बारदाना नाही म्हणून मापे थांबली. मेहुण्याची २०० क्विंटल तूर निम्म्या किमतीची झाली. म्हणजे सुमारे ९ लाखांचा खड्डा पडला, आणि तो पडण्यापूर्वी ‘भाव उतरला तर काय’ हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकानेही विचारला नव्हता.

येथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण सकारात्मक दृष्टिकोन म्हणून जे काही असते ते मी त्यानंतरच्या दोन महिन्यांत जवळून पाहिले, आणि त्याचा व्याख्यानातल्या घोषणेशी काही संबंध नव्हता. मेहुणा आठ दिवस घरातून बाहेर पडला नाही. जेवला नाही, कुणाशी बोलला नाही. त्या दिवसांत त्याला कोणी ‘हस, सगळं छान होईल’ असे म्हटले असते तर त्याने त्या माणसाला घराबाहेर काढले असते आणि ते योग्यच झाले असते. नवव्या दिवशी मी आणि तो त्याच्या मिलच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. कोणाचे किती, कधी आणि कोण थांबेल, कोण थांबणार नाही, एवढेच लिहीत गेलो. दुपारपर्यंत पाने भरली. शेवटी तो म्हणाला, ‘‘दाजी, स्वतःचा माल घ्यायला पैसा नाही, पण मशीन तर आपलीच हाय की. लोकांचा माल भरडून देऊ.’’ त्या वर्षी शेतकऱ्यांच्या घरात तूर पडून होती, कारण विकायला परवडत नव्हती. त्याने पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने ‘घरची तूर भरडून मिळेल’ असे स्वतःच्या हाताने लिहिले आणि रस्त्याला पाटी लावली. मजुरीचे पैसे रोख यायचे, चुनी आणि भुसा गोठेवाले घेऊन जायचे. बँकेत जाऊन त्याने आपणहून साठा किती उतरला ते सांगितले आणि हप्ते बांधून घेतले. देणे फिटायला २०२० साल उजाडले. आजही मिलचे निम्मे काम मजुरीचेच आहे आणि ती पाटी अजून तिथेच आहे, फक्त रंग दोनदा चढवला आहे.

त्याला सावरले ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे त्याच्या वह्या नीट होत्या; कोणाकडे किती येणे आहे हे त्याला त्या वाईट दिवसांतही पैशापर्यंत सांगता येत होते. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने यंत्रावरचे टर्म लोन आधीच बरेचसे फेडलेले होते. या दोन्ही गोष्टी संकटाच्या आधीच्या आहेत. व्याख्याते मात्र ‘परिस्थितीला दोष देऊ नका’ असे सरसकट सांगतात आणि ते ऐकून मला राग येतो. मराठवाड्यात परिस्थितीला दोष द्यावाच लागतो. तुरीचा भाव माझ्या मेहुण्याच्या नकारात्मक विचारांमुळे पडला नव्हता, त्यात पाऊस होता, पेरा होता आणि आयातीचे धोरण होते. यांतले काहीही त्याच्या हातात नव्हते. सगळा पैसा एकाच वाणाच्या साठ्यात न गुंतवणे मात्र त्याच्या हातात होते, आणि त्या वेळी त्याला अडवणे माझ्याही हातात होते.

विरोधाभास असा की, तयारी कशाला म्हणतात हे आमच्या लातूरला सांगायची गरज पडू नये. ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले ते सरावावर. ‘नीट’ला बसणारी पोर ७२० गुणांच्या एका परीक्षेसाठी दोन वर्षांत किती सराव परीक्षा देते, कुठल्या धड्यात किती गुण गेले याचा तक्ता भिंतीवर कसा लावते, हे आमच्या घराघरांत दिसते. त्याच घरातला बाप मात्र निवृत्तीच्या पैशातून हॉटेल काढताना एकही सराव परीक्षा देत नाही. धंद्याची सराव परीक्षा अवघड नसते. ज्याला शेंगदाण्याची चटणी विकायची आहे त्याने कर्जाआधी चार आठवडे बाजार करावेत. ज्याला गॅरेज काढायचे आहे त्याने सहा महिने दुसऱ्याच्या गॅरेजवर, जमल्यास गल्ल्याजवळ, काम करावे. त्यात जाईल ते चार-पाच हजार आणि थोडी लाज. लाज हा आमच्याकडचा मोठा खर्च आहे हे मी जाणतो. ‘अमक्याचा पोरगा बाजारात चटणी विकायलाय’ हे ऐकून घेण्यापेक्षा कर्ज काढून मोठी पाटी लावणे पुष्कळांना सोपे वाटते.

नोकरीचेही तेच. माझ्या ओळखीतला एक मुलगा आयटीआय करून वाळूजच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेला. टक्केवारी उत्तम, बोलणे धीट. तिथल्या पर्यवेक्षकाने त्याच्यासमोर व्हर्नियर कॅलिपर आणि एक दांडा ठेवला आणि माप सांगायला सांगितले. ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप त्यावर वाचता येते हे त्याला लेखी परीक्षेत आले असते, हातात साधन आल्यावर आले नाही. रात्रीच्या गाडीने परत आला तो ‘तिथं वशिला लागतो’ असे म्हणत. त्याच्याबरोबर गेलेल्या दुसऱ्या मुलाने, ज्याचे गुण कमी होते, आधीचे आठ दिवस गावातल्या लेथवाल्याकडे बसून दिसेल त्या बोल्टचे माप घेतले होते. वशिला कुठेच लागत नाही असे मी म्हणणार नाही, परंतु त्या दिवशी त्या टेबलावर तो नव्हता.

एक गोष्ट ओझरती सांगून पुढे जातो, कारण ती छोट्या कारखानदारांना माहीत असायला हवी. मोठ्या कंपनीला माल देणारे आमच्याकडचे अनेक तरुण नव्वद-नव्वद दिवस बिलाची वाट पाहतात आणि ‘संबंध बिघडतील’ म्हणून गप्प बसतात. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघू उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे छोट्या उद्योगाची नोंद, आधी केलेली हवी. ती पूर्णपणे विनाशुल्क आहे. पैसे अडकल्यावर नोंदणीसाठी धावणारे मी पाहिले आहेत.

यावर कोणी म्हणेल की, तयारीच करत बसले तर धंदा सुरू कधी होणार. हे खरे आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ गेली आठ वर्षे हळद प्रक्रियेचा उद्योग काढत आहेत. वसमतच्या बाजारात जाऊन आले, तीन प्रदर्शने पाहिली, फायली जाड झाल्या, हळद अजून दळली गेली नाही. त्यांना मी तयार माणूस म्हणणार नाही, ते घाबरलेले आहेत आणि फाईल हे त्यांचे पांघरूण आहे. पुरेशी तयारी झाली हे ओळखायचे कसे, याचे नेमके उत्तर माझ्याकडे नाही. पण ज्या एका तयारीपुढे मी स्वतः निरुत्तर झालो, ती सांगता येईल.

औसा तालुक्यातल्या एका गावाहून बचत गटातली एक बाई काळा मसाला आणि येसराच्या व्यवसायासाठी मुद्रा योजनेत कर्ज मागायला आली होती. सोबत मुलीची जुनी शाळेची वही होती. वर चिठ्ठीवर नाव, इयत्ता, तुकडी तशीच, आणि मागच्या कोऱ्या पानांवर हिशेब. मिरची, धने, खोबरे, तीळ, दगडफूल यांचे दोन वर्षांचे महिन्या-महिन्याचे भाव तिने लिहून ठेवले होते. मार्चमध्ये मिरची घ्यायची, मृग लागायच्या आत वाळवून-कुटून डबे भरायचे, कारण पुढे हवा दमट झाली की मसाल्याला जाळी धरते. लग्नसराईत खप किती, आषाढ-श्रावणात किती, हे वेगळे. अन्न परवान्याची वर्षाला १०० रुपयांची नोंदणी तिने आधीच करून ठेवली होती. ‘मोटार’ नावाचा एक रकाना होता, त्यात दर महिन्याला ५०० रुपये. मी विचारले, हे काय? म्हणाली, ‘‘लाईटीचा काय भरोसा साहेब. कधी ना कधी मोटार जळणारच.’’ मी प्रभावित होऊन ५ लाखांपर्यंत मंजूर करतो म्हणालो, तर ती म्हणाली, ‘‘पाच मला पेलायचे नाहीत. दोनच द्या. लागलं तर पुढल्या साली येते मी.’’

वहीच्या शेवटच्या पानावर ‘नाही खपलं तर’ असे लिहून खाली तीन ओळी होत्या. लातूरच्या एका मेसवाल्या नातेवाईक बाईने महिन्याला ४० किलो मसाला मूळ किमतीत उचलायचे कबूल केले होते. कांडप यंत्र गावाला भाड्याने चालवता येणार होते. आणि तिसऱ्या ओळीत दोन शेळ्या. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात तिची मोटार खरोखरच जळली. त्या वेळी ती बँकेत आली नाही. मला ते कळले ते पुढच्या भेटीत तिच्या गावी गेलो तेव्हा, आणि तेही तिने सहज सांगितले म्हणून, जसे एखादी बाई गेल्या आठवड्यात पाहुणे आले होते असे सांगते. शेळ्या दारात बांधलेल्याच होत्या.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती आपण छापता तशा धंदा बंद करावा लागलेल्यांच्याही, त्यांची नावे न देता, छापाव्यात. किती माल घेतला, उधारी कुठे अडकली, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात थकला, एवढे जरी आले तरी वाचणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडेल. व्याख्याने भरवणाऱ्या मंडळांनी त्याच मानधनात एखाद्या कर सल्लागाराला किंवा निवृत्त कर्ज अधिकाऱ्याला बोलावून मुलांकडून एक दिवस नुसता हिशेब करून घ्यावा. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिथे राहण्या-जेवणासह प्रशिक्षण मोफत मिळते, याचीही माहिती त्याच मंडपात द्यावी.

आणि चौथ्या रांगेतला तो मुलगा हे वाचत असेल तर त्याने एक वही घेऊन यावे. सकाळी आठ ते दहा मी उदगीर रस्त्याला मेहुण्याच्या मिलवरच असतो. पाटी रस्त्यावरून दिसते.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
उदगीर, जि. लातूर